बारा नावे, तीन मंडळे आणि एक विहीर

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर 'घटनात्मक कोंडी' असे दोन शब्द लिहिले, तेव्हा वर्गातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबई-दिल्ली आली असेल. माझ्या डोळ्यांपुढे आली ती आमच्या शिवारातली सामाईक विहीर. आजोबांनी ती खोदली आणि आजोबांच्याच नावावर तिचे वीज कनेक्शन होते. आजोबा गेले, बिलाची थकबाकी वाढली, कनेक्शन तुटले. नवे घ्यायचे तर सगळ्या वारसांचे संमतीपत्र हवे. मोठ्या काकांचे म्हणणे असे की कनेक्शन त्यांच्या नावावर व्हावे. आमच्या अण्णांचे म्हणणे असे की त्यांच्या शेतातून आमच्याकडे येणारा पाट आधी कागदावर लिहून द्यावा. "दादा, तुम्ही आधी पाटाचं लिहून द्या, मग मी सही करतो." "तू आधी सही कर, पाट कुठं पळून चालला?" एवढ्या दोन वाक्यांत दोन रब्बी हंगाम गेले. विहिरीत पाणी होते, वाकून पाहिले की दिसत होते. मोटार बंद होती.

या भांडणात अण्णांचे फारसे बिघडले नाही, कारण ते नोकरीला होते. काकांचेही नाही, कारण त्यांची दुसरी जमीन कालव्याखाली होती. हरभरा वाळला तो धाकट्या काकूचा. धाकटे काका वारलेले, तिची सगळी भिस्त त्याच विहिरीवर, आणि तिची सही कुणी अडवून ठेवलीच नव्हती. ती तर पहिल्याच दिवशी अंगठा द्यायला तयार होती. कोंडी म्हणजे काय याचा माझा पहिला धडा हा. तो पुस्तकातल्यापेक्षा मला अधिक उपयोगी पडला, म्हणून तो आधी सांगितला. आता पुस्तकातल्याकडे वळू.

राज्यकारभार अडून बसणे ही काही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर पूर्ण अधिकाराचे सरकार बनायला ५४१ दिवस लागले. अमेरिकेत सीमेवरील भिंतीच्या खर्चावरून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांचे जुळेना, तेव्हा २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस संघराज्य सरकारची कित्येक खाती बंद पडली आणि सुमारे ८ लक्ष कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. योगायोग पाहा, आपल्या महाराष्ट्रात २४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेचा निकाल लागला आणि टिकाऊ सरकारचा शपथविधी २८ नोव्हेंबरला झाला, म्हणजे बरोबर ३५ दिवस. (मध्ये जे तीन-चार दिवसांचे सरकार येऊन गेले ते मी यातच धरले आहे.) १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. त्याच दिवसांत परतीचा पाऊस हटत नव्हता. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे सोयाबीनच्या गंजीच्या गंजी भिजल्या, शेंगांतून कोंब बाहेर आले. मदत किती द्यायची हे ठरवायला मंत्रिमंडळ नव्हते. अखेर १६ नोव्हेंबरला राज्यपालांनीच खरिपासाठी हेक्टरी ८ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे जाहीर केले. म्हणजे वाटाघाटी चालल्या होत्या खुर्च्यांच्या, आणि कोंब फुटत होते सोयाबीनला.

परंतु ही कोंडी निदान सर्वांना दिसली. वर्तमानपत्रांनी दिवस मोजले. मला ज्या कोंडीविषयी लिहायचे आहे ती कुणी मोजली नाही, कारण तिच्यात कोणतेही कार्यालय बंद पडले नाही आणि कुणाचा पगारही थांबला नाही. नुसती एक मुदत संपली.

ती मुदत वैधानिक विकास मंडळांची. हे प्रकरण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्या वेळी मराठवाडा हैद्राबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात होता, आणि एका भाषेचे एक राज्य व्हावे अशी इच्छा असली तरी धास्तीही होती. मोठ्या भावाच्या घरात राहायला जाताना धाकट्याला वाटते तशी. म्हणून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे प्रभृती पश्चिम महाराष्ट्रातील नेते आणि विदर्भ-मराठवाड्यातील नेते यांनी मिळून काही कलमे लिहून काढली. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणात योग्य वाटा मिळावा, वर्षातून काही काळ सरकारने नागपुरास जावे, अशी ती होती. ही तडजोडच होती, आणि माझ्या मते चांगली तडजोड होती. कारण बलवत्तर पक्षाने स्वतःच्या ताटातले देऊ केले होते. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने या भावनेला अनुच्छेद ३७१ मध्ये जागा मिळाली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमण्याची आणि निधीची न्याय्य वाटणी पाहण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना राज्यपालांवर सोपवता येईल, अशी ही तरतूद.

'सोपवता येईल' या शब्दांत ३८ वर्षे गेली.

या ३८ वर्षांत आपल्या जिल्ह्याचाही एक अध्याय आहे, तो आपल्या पिढीला फारसा ठाऊक नाही. १९७४ साली वसमत येथे विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात विद्यार्थी बळी पडले, आणि त्यातून मराठवाडा विकास आंदोलन सर्व जिल्ह्यांत पेटले. ज्यांनी ते केले ते आपल्याच वयाचे होते आणि आपल्यासारख्याच महाविद्यालयांत शिकत होते. नोकऱ्या, रस्ते, रुंद रेल्वेमार्ग, पाणी अशा त्यांच्या मागण्या होत्या; आजही यादी काढली तर फार बदल करावा लागणार नाही. पुढे गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी वैधानिक मंडळाची मागणी चिकाटीने लावून धरली.

१९८३ साली राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्यात आज चहाच्या टपरीवरही ऐकू येतो, त्याला आकड्यांचे शरीर या समितीने दिले. रीत साधी होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल तो किती खाली आहे हे मोजायचे. ती तूट भरून काढण्यास किती खर्च येईल तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात सबंध राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास. लगोलग जुलै १९८४ मध्ये विधिमंडळाने मंडळे स्थापावीत असा ठराव केला. ती प्रत्यक्षात आली १ मे १९९४ रोजी. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा, १९९४ च्या स्थितीवर, एकूण अनुशेष १४,००० कोटींच्या घरात गेला होता आणि मराठवाड्याचा ४,००० कोटींच्या. भाववाढ जमेस धरूनही ही वाढ बोलकी आहे.

मंडळाचे काम काय? विभागाच्या विकासाची पातळी मोजणे, अनुशेष किती उरला ते सांगणे, खर्चाचा परिणाम पाहणे आणि दर वर्षी अहवाल देणे. तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जाई. निधीच्या वाटणीबाबत राज्यपाल सरकारला निर्देश देत. मुंबईतल्या मंत्र्यांना ही व्यवस्था कधीच मनापासून आवडली नाही, मग पक्ष कोणताही असो. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हे. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या अंदाजपत्रकावर, दिल्लीने नेमलेल्या राज्यपालांनी निर्देश का द्यावेत, हा प्रश्न कोणत्याही लोकशाहीवाद्याला पडावा असाच आहे. मलाही तो पडतो. तरी एवढे म्हणावेसे वाटते की निवडून आलेल्यांनी १९५६ ते १९९४ या काळात आपण होऊन वाटणी नीट केली असती, तर ही वेळ आली नसती.

मंडळांची मुदत वेळोवेळी वाढवण्यात येई. शेवटची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही.

आता त्याच ३० एप्रिल २०२० ची दुसरी हकीकत ऐका. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. घटनेप्रमाणे सहा महिन्यांत सदस्य होणे भाग, आणि करोनामुळे विधान परिषदेच्या निवडणुका पुढे ढकललेल्या. मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये दोनदा शिफारस केली की राज्यपालांनी त्यांना नामनियुक्त करावे. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर निर्णय दिला नाही. राज्यात साथ, आणि मुख्यमंत्र्यांच्या पदाची घटिका भरत आलेली. शेवटी ३० एप्रिलला राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून रिकाम्या नऊ जागांची निवडणूक घेण्याची विनंती केली, आयोगाने दुसऱ्याच दिवशी होकार दिला, आणि नऊ जागांसाठी नऊच उमेदवार राहतील अशी पक्षांनी आपसांत व्यवस्था केली. काँग्रेसने आपले दोनांपैकी एक नाव मागे घेतले. १४ मे रोजी सगळे बिनविरोध निवडून आले. राज्यपालांनी नामनियुक्ती केली नाही हा त्यांचा शब्द राहिला, मुख्यमंत्र्यांचे पद राहिले, विरोधी पक्षाला चार जागा मिळाल्या. अडलेले गाडे दोन आठवड्यांत निघाले. तेव्हा, या मंडळींना तडजोड जमत नव्हती असे कुणी म्हणू नये. त्याच तारखेला मराठवाड्याचे मंडळ मावळले, त्यासाठी मात्र एकही पत्र त्या घाईने निघाले नाही.

पुढे खरी कोंडी झाली. जून २०२० मध्ये विधान परिषदेतील राज्यपालनियुक्त १२ सदस्यांच्या मुदती संपल्या. ७८ जणांच्या सभागृहात या १२ जागा साहित्य, शास्त्र, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील जाणत्यांसाठी असतात. (त्यांवर प्रत्यक्षात कोण बसते याची चर्चा कलाशाखेच्या नियतकालिकात न केलेली बरी.) ६ नोव्हेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने १२ नावांची यादी राज्यपालांकडे दिली. राज्यपालांनी ती स्वीकारली नाही, नाकारलीही नाही. यादी राहिली.

१ मार्च २०२१ रोजी, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, विधानसभेत विरोधी पक्षाने विचारले की विकास मंडळे केव्हा स्थापणार? उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की, ज्या दिवशी १२ नावे जाहीर होतील त्याच दिवशी मंडळेही जाहीर होतील. विदर्भ-मराठवाड्याच्या जनतेला ओलीस धरले जात आहे असे देवेंद्र फडणवीस म्हणाले आणि विरोधी सदस्यांनी सभात्याग केला. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या असतील. मी त्या वेळी शाळेत होतो, करोनामुळे शाळा बंदच होती. हे सर्व मी नंतर वाचले. वाचताना ऐकू आले ते अण्णा आणि काका. "तुम्ही आधी, मग मी."

इथे थोडे थांबून विचार करावा लागतो. कारण वरकरणी पाहता अजितदादांनी देऊ केली ती तडजोडच नव्हती काय? तुम्ही आमचे एक करा, आम्ही तुमचे एक करतो. राजकारणात देवाणघेवाण चालतेच आणि तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. नागपूर करारही देवाणघेवाणच होता. मग फरक कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे फरक गहाण काय ठेवले यात आहे. काँग्रेसने नववी जागा मिळावी म्हणून आपलाच उमेदवार मागे घेतला, पदरचे दिले. मार्च २०२१ मध्ये सरकारने पुढे केले ते मराठवाडा-विदर्भाचे मंडळ, जे सरकारच्या मालकीचे नव्हते. आणि राज्यपालांनी अडवली ती यादी, जिच्यावर होय किंवा नाही म्हणणे हे त्यांचे काम होते, मौन हे नव्हते. सावकाराकडे स्वतःचे डाग ठेवणारा माणूस लवकर सोडवायला जातो. शेजारणीचे ठेवणारा कशाला जाईल?

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी या यादीबाबत जो निकाल दिला तो राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, त्यांना आदेश देता येत नाही. परंतु मंत्रिमंडळाची शिफारस स्वीकारणे किंवा परत पाठवणे हे त्यांनी वाजवी मुदतीत केले पाहिजे, आणि आठ महिने हा काळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे दुखणे सांगितले, पण औषध न्यायालयाच्या हाती नव्हते. घटनेची हीच गंमत आहे. तिच्यातील पुष्कळ दारांना कुलूप नसते, लोक सभ्यपणे वागतील या विश्वासावर ती नुसती लोटलेली असतात.

यादीचे पुढे काय झाले? जून २०२२ अखेर सरकार बदलले, नव्या सरकारने सप्टेंबरमध्ये जुनी यादी मागे घेतली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, स्थगिती आली, उठली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी १२ पैकी ७ जणांनी शपथ घेतली. चार वर्षांहून अधिक काळ त्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडळांबाबत २७ सप्टेंबर २०२२ रोजी मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. मुंबईत आणि राजभवनात आता भांडण उरले नव्हते, तेव्हा काम चटकन व्हायला हवे होते. पण दाखला पुढे दिल्लीला जायचा असतो, आणि २०२४ ची विधानसभा निवडणूक झाली तोवर मंडळे उभी राहिलेली नव्हती. कोंडी फुटल्यावर पाणी आपोआप वाहू लागते असे मी समजत होतो. तसे नसते. भांडण चालू असताना निदान विषय चर्चेत असतो; भांडण मिटले की गरजही मिटल्यासारखी होते.

आमच्या एका प्राध्यापकांना हा लेख मी कच्चा दाखवला. ते म्हणाले, "अरे, २६ वर्षं मंडळ होतं, तेव्हा तरी सेनगावच्या माळावर कुठं पाणी चढलं? दात नसलेल्या मंडळासाठी एवढा शोक कशाला?" प्रश्न खरा आहे आणि मला त्याचे पूर्ण उत्तर देता येत नाही. मंडळाला सल्ला देता येत होता, कालवा खोदता येत नव्हता. शिवाय हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. दांडेकरांच्या तक्त्यांत तो नाहीच, तिथे आहे अखंड परभणी. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याखालची वसमतकडची जमीन आणि सेनगावचा कोरडा माळ यांची एकच सरासरी निघाली की माळ त्या सरासरीत झाकला जातो. जिल्हा हे माप धरल्याने झालेला हा घोटाळा.

पण तरीही. मंडळ असताना दर वर्षी एक कागद निघे. त्यावर जिल्ह्याचे नाव असे, नावापुढे आकडा असे, आणि तो कागद सभागृहापुढे ठेवावा लागे. गरिबाला भांडायला आकडा लागतो. जिल्हा वेगळा झाल्यावर तर हिंगोलीला स्वतःचा आकडा मागण्याची अधिक गरज होती. माप चुकीचे असेल तर ते दुरुस्त करायला सांगता येते. मापच उचलून नेले तर सांगायचे कुणाला? काकूची विहीर होती तशीच होती, पण तिच्या हिश्श्याचा हिशेब मांडायला कुणी बसतच नव्हते, हे तिचे दुखणे होते.

विहिरीचे काय झाले ते सांगायचे राहिले. अण्णांचे आणि काकांचे मामा, वय ऐंशीच्या पुढे, एका लग्नाच्या निमित्ताने आले होते. त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकले आणि कुणाचे बरोबर हे सांगायचे सरळ नाकारले. म्हणाले, कनेक्शन धाकटीच्या नावावर करा. थकबाकी तिघांनी सारखी भरा. पाट लिहून द्यायचा नसेल तर दादाने बांधाकडेने पाइप टाकू द्यावा. काकांना कनेक्शन आपल्या नावावर मिळाले नाही, अण्णांना पाटाचा कागद मिळाला नाही. दोघेही त्या दिवशी जेवताना फुगून होते. मोटार पंधरा दिवसांत सुरू झाली. पाळ्या ठरल्या आहेत, आणि अधूनमधून त्यांवरून अजूनही कुरकुर होते.

आणखी एक छोटी गोष्ट. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मला पाच गुणांची टीप होती, 'वैधानिक विकास मंडळे'. मी बाजारातल्या मार्गदर्शकात होते तसे लिहिले की महाराष्ट्रात तीन मंडळे कार्यरत असून ती दर वर्षी विधिमंडळाला अहवाल सादर करतात. तोवर मंडळांची मुदत संपून बराच काळ लोटला होता. हे मला ठाऊक नव्हते, मार्गदर्शक लिहिणाऱ्याला नव्हते, आणि पेपर तपासणाऱ्यांनाही बहुधा नसावे. मला पाचपैकी चार गुण मिळाले.